उधाण, भांग आणि वादळाचा फुगवटा

पुण्यातल्या एका वाचकाने विचारले आहे: चक्रीवादळाच्या बातमीत ‘समुद्राला उधाण आले’ असे लिहितात, ते बरोबर का?

आनंदाला, चर्चेला उधाण येते त्या अर्थाने चालून जाईल. किनाऱ्यावर मात्र उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती. अष्टमीच्या आसपास भरती बेताची राहते, तो भांग. होडी कधी काढायची, खाडीत कधी शिरायचे, हे कोळी त्यावरून ठरवतात. उधाण घाट चढून आपल्या बोलण्यात आले, भांग मात्र खालीच राहिला.

चक्रीवादळात पाणी चढते ते मुख्यतः वाऱ्यामुळे. केंद्रात दाब कमी असल्याने पाणी थोडे उचलले जाते, पण खरा रेटा वाऱ्याचा. आपल्या गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या उलट फिरतात. त्यामुळे अरबी समुद्रातून वादळ कोकणात शिरले, की केंद्राच्या दक्षिणेकडच्या गावांवर वारा समुद्राकडून येतो. तो उथळ किनाऱ्याशी पाणी नुसते ढकलत राहतो.

यासाठी मला ‘फुगवटा’ हा शब्द पटतो. धरणामागे तुंबून चढलेल्या पाण्याला उजनी धरणाचा फुगवटा आपण म्हणतोच. ‘लाट’ म्हणू नये. लाट येते आणि ओसरते. इथे समुद्राची अख्खी पातळी वर येते आणि लाटा तिच्यावर उसळतात. मग पाणी घरात शिरते, विहिरी खारट होतात, बांध फुटला तर भातखाचरात मीठ बसते.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून आले. श्रीवर्धनकडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या वाऱ्याने झोपवल्या, त्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. पाण्याबद्दलचा इशारा मात्र नीट वाचण्यासारखा होता: मुंबई, ठाणे, रायगडच्या सखल भागात भरती-ओहोटीच्या पातळीहून १ ते २ मीटर वर पाणी चढण्याची शक्यता. यातले ‘भरती-ओहोटीच्या पातळीहून वर’ गाळले तर इशाऱ्याचा अर्थच बदलतो. दोन दिवसांवर वटपौर्णिमा होती, म्हणजे उधाणाचेच दिवस. त्यावर हा फुगवटा.

तेव्हा बातमीत ‘उधाणाच्या भरतीवर वादळाचा फुगवटा’ असे लिहावे, आणि शेजारी त्या दिवशीच्या भरतीची वेळ द्यावी. तेच पाणी भांगाच्या ओहोटीला आले तर अंगणाबाहेर थांबेल, उधाणाच्या भरतीला आले तर चुलीपर्यंत येईल.