‘आमचं काय सांगायचं’ म्हणणाऱ्यांना बोलतं कसं करू?

प्रश्न: ताई, लालबागला आमच्या वाचनालयाची एक खोली रिकामी झालीये, तिथे गिरणी कामगारांच्या आठवणींचं छोटं प्रदर्शन करायचं ठरलंय. मी फोन घेऊन सहा घरं फिरले. कोणी म्हणतं ‘आमचं काय सांगायचं, पेपरात आलंय की सगळं’, नाहीतर सगळे दत्ता सामंत आणि ब्याऐंशीचा संप एवढंच सांगतात. आज्या तर सरळ आजोबांकडे बोट दाखवतात. काय चुकतंय? – एक वाचक

उत्तर: अगं, चुकतोय तो पहिला प्रश्न. ‘संपाबद्दल सांगा’ म्हटलं की माणूस भाषणच करणार ना. मी पण एकदा हेच केलं होतं, अर्धा तास रेकॉर्डिंग आणि त्यात काकांचं स्वतःचं एक वाक्य नाही! मग निघता निघता सहज विचारलं, गिरणीतलं काही घरात आहे का हो, तर माळ्यावरून धोटा काढला, म्हणजे मागावर आडवा दोरा इकडून तिकडे नेतो तो, लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, आणि आतली दोऱ्याची कांडी बदलली की दोरा भोकातून तोंडाने कसा ओढायचा ते खरंच ओठ लावून दाखवलं. तिथून पुढे मला काही विचारावंच लागलं नाही.

आणि कुठल्या खात्यात होता ते विचारच, साचेखातं (कापड विणायचं) की त्रासन (सूत कातायचं) की वाइंडिंग (सूत गुंडाळायचं). ही नुसती माहिती नाही बरं का. धोटा उष्टा होतो म्हणून दलित कामगारांना साचेखात्यात घेत नसत आणि पगार जास्त तिथेच, बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा मुद्दा लावून धरला होता. तुझ्या खोलीत धोटा ठेवशील तर शेजारी हे पण लाव, नाहीतर ती नुसती शोभेची वस्तू होईल.

संपाबद्दल विचारायचंच तर ‘तुमच्या घरात संप कधी संपला’ असं विचार. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला हे सगळ्यांना पाठ असतं, पण तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे प्रत्येक घराची तारीख वेगळी निघते. कोणी गावी गेले ते परत आलेच नाहीत, कोणाचा मुलगा शाळा सोडून कामाला लागला तो दिवस. तारखा चुकल्या तर तोंडावर दुरुस्त करू नकोस, घरी येऊन वहीत लिही.

आज्यांकडे दुपारी जा, आजोबा खाली कट्ट्यावर असतात तेव्हा. खानावळ चालवली का, किती जणांचे डबे, पैसे थकले तर काय करायचात, असं विचार. दागिने गहाण टाकल्याचं, दारूचं वगैरे निघेल, ते ऐक, पण न विचारता भिंतीवर लावू नकोस.

परवानगी लेखी घे, मराठीत, एका पानावर: नाव द्यायचं की नाही, फोटो चालेल का, आवाज फक्त खोलीत ऐकवायचा की नेटवर पण, आणि नंतर मन बदललं तर काढून टाकू. मूळ वस्तू शक्यतो घेऊच नकोस, घेतलीस तर पावती दे, घरातल्या सुनेला पण सांगून ठेव, नंतर भांडणं तिथेच होतात.

आणि रेकॉर्डिंगच्या आधी पंखा बंद करायला सांग. माझ्या त्या काकांच्या क्लिपमध्ये निम्मा पंखाच ऐकू येतो.