कोरा म्हणजे शून्य नव्हे

अगं,

युव्हिआयटिसच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या सुजेच्या, पेशंटांच्या आकडेवारीबद्दल तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला. 'सर, मेथोट्रेक्सेटवाल्यांची दृष्टी नुसत्या थेंबांवाल्यांपेक्षा वाईट निघतेय. काही चुकलं का?' नाही चुकलं. जो युव्हिआयटिस थेंबांनी शांत होतो, त्याला मेथोट्रेक्सेटसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देतंच कोण? बिघडलेले डोळे त्या गटात जमणारच. सुरुवातीची दृष्टी, सूज आणि आजाराचं वय जुळवून मग तुलना कर. हे तुला समजतं, म्हणून पुढे जातो.

मला राग आला तो शेवटच्या ओळीचा: 'सेल्सचे कोरे रकाने शून्य धरलेत.' सेल्स म्हणजे डोळ्याच्या पुढच्या भागातल्या पाण्यात तरंगणाऱ्या, सूज किती ते सांगणाऱ्या पेशी.

कोरा म्हणजे शून्य नव्हे. शून्य ही नोंद आहे. 2005 साली छापून आलेली या पेशींची प्रतवारी तू रोज वापरतेस. स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाच्या, एक मिलिमीटर बाय एक मिलिमीटर झोतात एकही पेशी नाही तर शून्य, 1 ते 5 दिसल्या तर अर्धा प्लस, 6 ते 15 म्हणजे एक प्लस. म्हणजे शून्य लिहायला कुणीतरी खोली अंधारी करून, डोळा लावून मोजलेलं असावं लागतं. कोऱ्या रकान्यात कुणी पाहिलेलंच नाही.

रजिस्ट्रीशिवाय, म्हणजे अनेक केंद्रांच्या नोंदी एकत्र केल्याशिवाय, गत्यंतर नाही हे मान्य. डोळ्याच्या क्षयाचा बहुराष्ट्रीय अभ्यास 2017 मध्ये आला, त्यात 25 केंद्रांचे मिळून 962 पेशंट होते. एवढे एकट्या ओपीडीत कधी जमायचे? पण 25 ठिकाणचे केस पेपर म्हणजे न लिहिण्याच्या 25 तऱ्हा.

माझ्या प्रबंधात सहा महिन्यांनंतर न आलेले सगळे मी 'शांत' धरले होते. त्यातली एक बाई तीन वर्षांनी आली. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब आणत राहिली होती. डोळ्याचा दाब वाढून नस सुकलेली. माझ्या तक्त्यात ती अजून शांतच आहे. तेव्हा घरोघरी फोन नव्हते, पाठवलेली पोस्टकार्डं परत यायची, गाइडना घाई होती. हे सगळं खरं आहे. तरी 'माहीत नाही' असं लिहायला फोन लागत नव्हता, एक पेन पुरलं असतं.

म्हणून हट्टाने सांगतो, कोरा म्हणजे शून्य नव्हे. 'तपासलं नाही' आणि 'आलाच नाही' यांना वेगळे कोड दे. गळालेले पेशंट पहिल्या भेटीला टिकलेल्यांपेक्षा वेगळे होते का, ते बघ. आणि हो, एकाच माणसाचे दोन डोळे म्हणजे दोन माणसं नव्हेत, हेही तुझ्या फाइलीत दिसलं. आकडे कमी सुंदर निघतील. निघू देत. सबमिशनची तारीख मला सांगू नकोस.

उद्या ओपीडी संपली की न आलेल्यांची यादी घेऊन खोलीत ये. पहिल्या वीस जणांना मी फोन लावतो. फोनवर तुझं मराठी फार पुस्तकी होतं, लोक बँकेचा फोन समजून ठेवून देतात.