'अंदाज' ढिला शब्द नाही

नांदेडची एमएस्सीची विद्यार्थिनी विचारते : सदोष मापनांवरून क्वांटम प्रणालीची अवस्था काढतात, त्याला 'अनुमान' म्हणावं, 'प्राक्कलन' की 'अंदाज'? तिचे गाइड 'अंदाज' खोडतात. म्हणे शब्द ढिला आहे.

ढिला? मराठवाड्यात दरसाल आधी 'नजरअंदाज पैसेवारी' (रुपयाला किती पैसे पीक आलं, याचा नजरेनं बांधलेला सरकारी अंदाज) निघते, मग सुधारित, आणि पीक कापणी प्रयोग झाले की अंतिम. ५० पैशांच्या आत की वर, यावर वर्षानुवर्षं गावाच्या दुष्काळी सवलती ठरत आल्या. अशा मुलखात पोरं आता सर्रास 'त्यानं मला नजरअंदाज केलं' म्हणतात. दुर्लक्ष केलं म्हणा ना!

फारसीत 'अंदाख्तन' म्हणजे फेकणे. त्यातूनच तीरंदाज, गोलंदाज आणि बरकंदाज. बर्क म्हणजे वीज. वीज फेकणारा तो बंदूकवाला! मग फेकण्यातून माप कसं आलं? माझं ठाम मत : बाण सोडायचा, कुठे पडला ते बघायचं, पुढचा नेम त्यावरून दुरुस्त करायचा. या दुरुस्तीतच 'अंदाज' जन्मला. दोन्ही अर्थ शेजारी मांडून गप्प बसणारे कोशकार वाचकाला अर्ध्या वाटेत सोडतात.

'प्राक्कलन' बाद. प्राक् म्हणजे आधी. ते रस्ता बांधण्याआधीच्या खर्चाला शोभतं. 'अनुमान'वाल्यांनी न्यायशास्त्र उघडावं : धुरावरून अग्नी ठरतो तो व्याप्तीला, म्हणजे 'जिथे धूर तिथे अग्नी' या नियमाला, अपवाद नसल्यामुळे. इथे तर डिटेक्टरच चुकतो. भौतिकशास्त्रज्ञ सर्ज अरोश (२०१२चं नोबेल) यांच्या पॅरिसच्या प्रयोगांत आरशांमध्ये कोंडलेल्या फोटॉनांमधून (प्रकाशकणांमधून) एकेक अणू पाठवतात आणि बाहेर पडल्यावर तपासतात. काही अणू निसटतात, काहींची नोंद उलटी होते. या चुकांचं प्रमाण आधी मोजून गणितात घालायचं आणि दर नोंदीला शक्यता दुरुस्त करायच्या. नेम दुरुस्त करणंच हे!

सोपं करण्याची युक्तीही सुरेख आहे. ० ते ९ फोटॉन एवढ्याच पातळ्या धरल्या तरी घनता-मॅट्रिक्सला, म्हणजे अवस्थेची पूर्ण नोंद ठेवणाऱ्या चौकोनी तक्त्याला, ९९ वास्तव संख्या लागतात. पण मापन फक्त फोटॉनांची संख्याच विचारत असेल, तर तिच्या शक्यतांसाठी तक्त्याच्या कर्णावरच्या ९ पुरतात (बेरीज १ असते, म्हणून दहावी आपोआप मिळते). बाकीच्या त्यांच्यात ढवळाढवळ करत नाहीत. नियंत्रणासाठी बाहेरून सूक्ष्मलहरी सोडल्या की मात्र कर्णाबाहेरच्याही धराव्या लागतात. तेव्हा प्रबंधात 'अवस्था-अंदाज' बेधडक लिहा, पण 'सुलभ अवस्था-अंदाज' लिहाल तिथे कोणतं मापन ते त्याच वाक्यात सांगा.