ताई, पहिल्या सिटिंगआधी एवढं बघा

ताई, चेहऱ्यावर प्रकाशाचे उपचार पन्नाशीत सुरू करताय म्हणून उशीर झालेला नाही. फक्त घाई नको.

सगळ्यात आधी त्वचारोगतज्ज्ञांना चेहरा दाखवा. आयपीएल (तीव्र प्रकाशाच्या झोतांचा उपचार) पार्लरमध्ये करू नका. त्वचेतलं मेलॅनिन, म्हणजे रंगद्रव्य, त्याचा प्रकाश शोषून घेतं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कांतीत ते जास्त, म्हणून भाजण्याचा आणि काळे डाग उरण्याचा धोकाही जास्त. कानाजवळ छोटी चाचणी झाल्याशिवाय पूर्ण चेहऱ्यावर घेऊ नका. वांगाचे डाग असतील तर ते आणखी गडद होऊ शकतात, हे डॉक्टरांशी बोलाच.

लाल एलईडी दिव्याचा उपचार (तरंगलांबी साधारण ६३० ते ६६० नॅनोमीटर) त्यामानाने सौम्य. बारीक सुरकुत्यांना थोडा उपयोग होतो, पण सावकाश.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- चैत्रात जोतिबाला जाऊन रापलेल्या चेहऱ्यानेच सिटिंगला बसणं
- चालू गोळ्या न सांगणं. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकने त्वचा उन्हाला हळवी होते
- आठवड्यात फरक शोधणं. कोलॅजन (त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन) तयार व्हायला महिने लागतात
- सनस्क्रीन टाळणं. रंकाळ्यावर सकाळी फिरतानाही एसपीएफ ३० हवंच!

लेझरचे प्रकार सध्या राहू द्या. आज खिडकीच्या उजेडात, मेकअपशिवाय एक फोटो काढून ठेवा. पुढे तुलनेला तोच लागेल.