लाखोळीची दूरची बहीण

प्रश्न: ताई, आमच्या मुलीच्या प्रोजेक्टमध्ये हवाई बेटावरच्या 'व्हिसिया मेन्झिसाय' वेलीचं नाव आलंय. ही नेमकी कसली वेल, आणि ती संपत का चालली? (वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर: अहो, ही आपल्या वटाण्याच्या, लाखोळीच्याच कुळातली! पानाच्या टोकाला तसेच धाग्यासारखे ताणे, त्यांनी झाडांना धरत धरत वर चढते, आणि फुलं गुलाबी, लांबट, वाकडी, कारण तिचं परागीभवन पक्षी करतात असं मानतात, इकडं मधमाश्या करतात ना तसं नाही. मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर, दीड हजार मीटरच्या वरच्या ओल्या जंगलात राहते, हवाई बेटाबाहेर जगात कुठंच नाही.

आता तिचं दुखणं ऐका. हवाईत मुळात गाईगुरं, डुकरं नव्हतीच, त्यामुळं असल्या वेलींना काटे नाहीत की कडू रस नाही. १७९३ मध्ये इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरनं तिथं गुरं नेली, आणि ज्यांच्या नावावरून वेलीचं नाव पडलं ते वनस्पतीतज्ज्ञ आर्चिबाल्ड मेन्झिस त्याच मोहिमेत होते, मला हे वाचून फार वाईट वाटलं. गुरांना ही वेल भारी आवडते. त्यात डुकरं, उंदीर, जंगलतोड. नामशेष झाली असंच वाटत होतं, पण १९७० च्या दशकात परत सापडली आणि १९७८ ला अमेरिकेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आली, हवाईतली पहिलीच वनस्पती.

उपाय म्हणजे जंगलाला कुंपण घालून गुरं-डुकरं बाहेर ठेवणं, बिया जमवून रोपं करणं, ती परत जंगलात लावणं. मुलीला लाखोळीचा ताणा जवळून बघायला सांगा, चित्र काढायला सोपं जाईल.