टार्गेट धूसरच दिसू दे
दहा मीटर एअर पिस्तूलला टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 11.5 मिलिमीटरचं. नवा नेमबाज त्याच्याकडेच टक लावतो आणि फसतो. अरे, टार्गेट धूसरच दिसू दे, नजर पुढच्या साइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुणेवर हवी. हात थोडा हलणारच, माझा अजून हलतो. तो थांबायची वाट बघशील तर शेवटी ट्रिगर हिसकशील, आणि उजव्या हाताने मारत असशील तर छर्रा खाली डावीकडे गेलाच म्हणून समज. आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही, तर मुकाट्याने हात खाली घे. स्पर्धेत 60 शॉटना 75 मिनिटं मिळतात, घाई कसली? घरी पांढऱ्या भिंतीसमोर रोज वीस मिनिटं ड्राय फायरिंग, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर दाबायचा सराव कर, पिस्तूल रिकामं आहे ना हे दोनदा बघून. नवं पिस्तूल एवढ्यात नको. क्लबचंच वापर, ग्रिप तेवढी हातात नीट बसते का बघ.