फिनलंडमध्ये पाइनची तोड झाल्यावर रोपं न लावता जंगल परत येतं का?

येतं, पण जमीन कोरडी, रेताड आणि कमी सुपीक असेल तरच. तिथला स्कॉट्स पाइन उन्हाचा भुकेला. सावलीत रोप तग धरत नाही.

तोड करताना हेक्टरी साधारण 50 ते 150 झाडं बियाण्यासाठी राखतात. सरळ खोडाची, डेरेदार, आधीपासून मोकळ्यावर वाढलेली निवडावीत. दाटीतली सडपातळ झाडं एकटी पडली की वाऱ्याने उन्मळतात.

खरी गोम जमिनीत आहे. शेवाळ आणि कच्च्या ह्यूमसचा (अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याचा) थर उन्हात लगेच सुकतो, त्यात रुजलेलं बी मरतं. म्हणून यंत्राच्या तबकड्यांनी तो थर बाजूला सारून खालची खनिज माती उघडी करतात. चर उथळच हवा, खोल गेला तर पाणी साचतं. बारीक पोताच्या मातीत तर हिवाळ्यात आतलं पाणी गोठून कोवळी रोपं मुळासकट वर ढकलली जातात. हे काम बी पडण्याआधी, म्हणजे वसंतापूर्वी उरकावं. पाइनचे शंकू, म्हणजे बी धरणारी लाकडी फळं, एप्रिल ते जूनमध्ये उघडतात. चर जुना झाला की गवत, शेवाळ परत चढतं.

बी पिकायला फुलोऱ्यानंतर दुसरा शरद उजाडतो, त्यामुळे पुढच्या वर्षीचं पीक शंकू पाहून आधीच कळतं. उत्तर टोकाच्या लॅपलंडमध्ये उन्हाळा थंड गेला तर बी कच्चंच राहतं. तिथे घाई करू नये.

रोपं गुडघ्याएवढी झाली की राखलेली झाडं काढावीत, शक्यतो बर्फ असताना, म्हणजे रोपं कमी चिरडतात. सुपीक जमिनीवर मात्र हा नाद सोडा, बर्चची झाडं आणि गवत बाजी मारतात. मूस हरणं शेंडे खातात ते वेगळंच.